दंतवैद्याचा रॉड

दुकानाचे दोन भाग होते. पुढे काउंटर, भिंतीला उभे लावलेले मासे पकडायचे रॉड आणि काचेच्या कपाटात वजनाप्रमाणे मांडलेले लूअर, म्हणजे पाण्यात जिवंत माशासारखे पळणारे खोटे मासे. मागे, प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे एक टेबल, एक वाकता दिवा आणि मिठाने जाम झालेली, रॉडचा दोरा गुंडाळणारी रिळं. पुढचा भाग बायकोचा, मागचा नवऱ्याचा. दुकान मुळात बायकोच्या वडिलांचं. नवरा तिथे रिळं दुरुस्त करायला येत असे. पुढे तो जावई झाला, वडील गेल्यावर दुकान बायकोकडे आलं, त्याचं टेबल मात्र होतं तिथेच राहिलं.

समुद्रावर गळ टाकणारी मंडळी तिला ताई म्हणत आणि तिच्याकडून जोडी लावून घेत. जोडी म्हणजे रॉड, त्यावर शोभेल असं रीळ आणि दोघांना पेलेल एवढ्याच वजनाचा लूअर. वस्तू तीन, पण दुकानात शब्द जोडी असाच होता. शनिवार-रविवार गल्ल्यावर बसणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीने यावर एकदा भर दुकानात विनोद केला होता, "जोडी म्हटली की मध्ये तिसरं कोणीतरी असणारच." गिऱ्हाइकं हसली होती. नवराही हसला होता.

तिची पद्धत ठरलेली होती. रॉडवर छापलेली वजनं ती वाचायची, दहा ते तीस ग्रॅम, वीस ते साठ, आणि ती फक्त कुंपण म्हणून ध्यानात ठेवायची. मग रीळ चढवून, दोरा ओवून रॉड एका बोटावर आडवा तोलायची. टोक खाली गेलं तर रीळ हलकं, मूठ खाली गेली तर जड. बोट रिळाच्या जरा पुढे असताना रॉड आडवा थांबला की पुढचं काम. टोकाला लूअर टांगून वाक पाहायचा, आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत गळ काढलेला लूअर गिऱ्हाइकाला फेकायला लावायचा. यात तिची नजर लूअरकडे नसे. ती माणसाचं मनगट, कोपर आणि खांदा बघत असे. एरवी हे सगळं तासाभरात आटपे. दंतवैद्याचं तिसऱ्या आठवड्यातही आटपलं नव्हतं.

दंतवैद्य पन्नाशीचा, स्वच्छ नखांचा, कधी घाईत नसलेला माणूस होता. घाबरलेल्या लोकांशी बोलून बोलून त्याचा आवाज इतका हळू झाला होता की पार्टिशनपलीकडे त्याचं काहीच ऐकू येत नसे. ऐकू येत असे ती फक्त बायकोची बाजू.

"मनगट सैल सोडा. अजून सैल."

मग शांतता. दंतवैद्य काहीतरी बोलत असणार.

"छे हो, दुखणार कसं? मी धरलंय ना."

नवरा हातातलं रीळ खाली ठेवायचा, मग परत उचलायचा.

"आता कसं वाटतंय? खरं सांगा हं, माझ्या समाधानासाठी सांगू नका."

अशी अर्धी संभाषणं दोन आठवडे ऐकल्यावर माणसाचं डोकं उरलेली अर्धी आपोआप भरत जातं. नवऱ्याचंही भरत गेलं. त्याने दंतवैद्याच्या तोंडी जी वाक्यं घातली ती अशी होती की दंतवैद्याला ती उभ्या जन्मात सुचली नसती.

मग एका मंगळवारी, दुपारच्या सामसुमीत, नवरा चिमट्यात एक बारीक स्प्रिंग धरून रिळावर वाकलेला असताना पलीकडून बायकोचा आवाज आला. मऊ, पुटपुटल्यासारखा.

"दमलास ना? थांब, ओझं उतरवते. उगाच ताठ राहतोस. वाक जरा. वाक की रे. हं, आता कसा शहाण्यासारखा वागलास."

स्प्रिंग चिमट्यातून उडाली आणि टेबलाखाली कुठेतरी गेली.

बायको नवऱ्याला अहो म्हणत असे आणि गिऱ्हाइकांना तुम्ही. तिच्या तोंडचं अरे-तुरे कोणाच्याच वाट्याला येत नसे. एवढ्या वर्षांच्या संसारात, आजारपणात, भांडणात, कधीही तिने नवऱ्याला 'दमलास ना' असं विचारलं नव्हतं. 'दमलात का' असं विचारलं होतं, पण ते वेगळं.

उठून पार्टिशनपलीकडे डोकावणं अवघड नव्हतं. तो उठला नाही. गुडघ्यावर बसून टेबलाखाली स्प्रिंग शोधत राहिला, आणि ती सापडल्यावरही काही वेळ तिथेच बसून राहिला.

जेवताना त्याने विचारलं, "दंतवैद्य येऊन गेला वाटतं आज?"

"नाही. आज कुठले येतायत, त्यांचा दवाखाना असतो."

"असं होय."

"का हो?"

"काही नाही. सहज."

ती धडधडीत खोटं बोलली, या निष्कर्षाला तो वरणाचा घास संपायच्या आत पोचला आणि पुढचे तीन दिवस तिथेच राहिला. त्या तीन दिवसांत त्याने एका गिऱ्हाइकाचं रीळ उलटं जोडलं, जे त्याच्या हातून कधीच झालं नव्हतं. हँडल पुढे फिरवलं की दोरा बाहेर यायचा. गिऱ्हाईक म्हणालं, "मासे परत समुद्रात सोडायचं मशीन बनवलंत काय?"

शनिवारी संध्याकाळी बायको वर घरी गेल्यावर त्याने मेहुणीला गाठलं. ती शटर ओढायच्या तयारीत होती.

"एक विचारू? हसायचं नाही."

"मग विचारूच नका भावोजी, मी आत्ताच हसणार."

"तुझी ताई त्या दंतवैद्याला अरे-तुरे करते का?"

"ताई? ती गिऱ्हाइकांच्या पोरांनासुद्धा अहो-जाहो करते. परवा एका तीन वर्षांच्या मुलाला म्हणाली, 'तुम्ही लूअर तोंडात घालू नका.'"

"मी माझ्या कानांनी ऐकलंय. दमलास काय, वाक की रे काय…"

मेहुणी शटरचा हूक तसाच हातात धरून स्टुलावर बसली. तिला हसू आवरेना.

"अहो, ती रॉडशी बोलते!"

"रॉडशी?"

"लहानपणापासून. बाबा वैतागायचे, गिऱ्हाईक पळून जाईल म्हणून. तुम्ही एवढी वर्षं पलीकडे बसताय आणि कधी ऐकलं नाहीत?"

"दमलास म्हणाली ना पण."

"मग काय दमलीस म्हणेल? रॉड तो. तो दमणार."

"काठी म्हणायला काय होतं? काठी म्हटलं असतं तर हा घोळ झाला नसता."

"आणि रिळाशी बोलली असती तर? 'दमलंस का रे बाळा?' तुम्ही पाळणाच घेऊन आला असतात." तिने डोळे पुसले. "आणि त्या दंतवैद्याचं म्हणाल, तर ताई त्याला इतकी कंटाळलीय की काही विचारू नका. टोक मऊ हवं, पण फार नको. रीळ हलकं हवं, पण वजनदार वाटलं पाहिजे. दाढ काढल्यासारखं एकेक उकरत बसतो. रॉड बिचारा गुणी, म्हणून ती रॉडशी तरी गोड बोलते."

नवऱ्याला हायसं वाटलं. ते हायसेपण वर घरापर्यंतच्या जिन्यात टिकलं, आणि दाराशी पोचेपर्यंत संपलं. कारण आता मत्सराला खरी जागा सापडली होती. माणसाचा प्रश्न मिटला, पण रॉडचा उरलाच. ती एका परक्या, किरकिऱ्या माणसाच्या रॉडला 'ओझं उतरवते' म्हणत होती. नवराही दर रविवारी पहाटे गळ टाकायला जायचा. त्याचा स्वतःचा रॉड कोणीतरी दुरुस्तीला टाकून कधी परत न्यायलाच न आलेला, पहारीसारखा ताठ. त्याचं रीळ तीन मेलेल्या रिळांचे भाग जोडून बनवलेलं. लूअर साठ ग्रॅमचे, धातूचे, कारण त्या रॉडला त्याहून हलकं काही चालतच नसे. फेकायला सगळ्या अंगाचा हिसका द्यावा लागे. ज्या दुकानात अख्ख्या किनाऱ्याच्या जोड्या लागत होत्या, त्या दुकानातल्या माणसाकडे जोडी नव्हती. बायकोने कधी लावून दिली नव्हती. आणि तो हे मागणार नव्हता. मागून मिळाली तर ती गिऱ्हाइकाला मिळते तशीच मिळाली असती.

दंतवैद्याचा रॉड तयार होऊन काउंटरमागे उभा होता. नऊ फुटी, दहा ते तीस ग्रॅमचा, मूठ कापडात गुंडाळलेली, मुठीला चिठ्ठी. रविवारी दुपारी तो न्यायला येणार होता.

रविवारी पहाटे नवरा तो रॉड घेऊन बंदराच्या बांधावर गेला. एकदाच फेकून बघू, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

बांधावर दोन-चार माणसं लांब लांब उभी होती. वारा पाठीवर होता. त्याने बायकोने निवडलेला बावीस ग्रॅमचा लूअर बांधला, रॉड मागे नेला, आणि नेहमीचा हिसका द्यायच्या आतच लूअर निघून गेला होता. रॉड आपणहून वाकला, आपणहून सरळ झाला, आणि दोरा रिळावरून आवाज न करता सुटत राहिला. लूअर इतक्या लांब पडला की पाण्याचा उडालेला शिंतोडा त्याला दिसला, आवाज आला नाही. मनगटाला काहीच झालं नाही. खांदा, जो दर रविवारी दुपारपर्यंत ठणकायचा, त्याला तर काही घडल्याचं कळलंही नाही.

त्याने पुन्हा फेकलं. पुन्हा तसंच.

फेक वाईट गेली असती तर तो खूश होऊन घरी गेला असता. फेक चांगली होती, हाच त्रास होता. हे सुख दंतवैद्याला मिळणार होतं. दंतवैद्य त्यावरही म्हणणार होता, जरा अजून हलकं करता येईल का हो.

त्याने बावीस ग्रॅमचा लूअर सोडवला आणि खिशातून स्वतःचा साठ ग्रॅमचा काढून बांधला. रॉडवर 'दहा ते तीस' असं पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि ते त्याच्या अंगठ्याजवळच होतं. नंतर तो म्हणाला की त्याला फक्त रॉडची ताकद बघायची होती. ते पूर्ण खरं नव्हतं. रॉडने आपलंही ओझं उचलावं, असं त्याला वाटलं होतं. त्याने पाय रोवले आणि नेहमीसारखा सगळ्या अंगाचा हिसका दिला.

वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. वरचा तुकडा दोऱ्यावरून घसरत लूअरच्या मागे पाण्यात गेला. तो तुकडा परत आणायचा तर रीळ फिरवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून तो उरलेल्या बुडख्याने रीळ फिरवत राहिला.

पलीकडचा म्हातारा ओरडला, "लागला काय हो?"

"लागला," नवरा म्हणाला.

"मोठा दिसतोय!"

तुकडा वर आल्यावर म्हाताऱ्याने मान वळवून घेतली, ही त्याची सभ्यता.

दुकान उघडायला वेळ होता. बायको आत दिवा लावून काउंटर पुसत होती. नवऱ्याने दोन्ही तुकडे काउंटरवर ठेवले. तिने फडकं बाजूला ठेवलं, मोडलेली जागा बोटाने चाचपली आणि रॉड उजेडात धरला.

"किती?"

"साठ."

"आणि हिसका दिलात."

"हो."

"दुपारी ते येणारेत."

"मी सांगतो त्याला, मी मोडला म्हणून."

"ते सांगालच. पण का?"

उत्तर त्याने वाटभर जुळवलं होतं. ते त्याला आठवलं नाही. त्याऐवजी, दुकानात पहिल्यांदाच आवाज चढवून, तो म्हणाला, "माझी जोडी का नाही लावलीस कधी? सगळ्या गावाची लावतेस. त्या दातवाल्यापायी तीन आठवडे घातलेस. मीही किरकिर करायला हवी होती का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखाद्या गिऱ्हाइकाने भलत्याच दुकानाची पिशवी दाखवून माल परत घ्या म्हणावं, तशी.

"लावली होती की," ती म्हणाली.

"कधी?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षी. आठ फुटी रॉड. बाबा म्हणाले होते, जावयाला नऊ दे, शोभतो. मी म्हटलं, यांच्या खांद्याला आठच बरा. दोन महिने लागले रीळ शोधायला. तुमच्या टेबलाच्या वरच्या खिळ्याला टांगून ठेवली. म्हटलं, येतील, बघतील, विचारतील."

नवऱ्याच्या टेबलावरच्या खिळ्याला जे काही टांगलेलं असे ते दुरुस्तीला आलेलं असे. हा दुकानाचा नियम होता आणि तो त्यानेच घातला होता.

"मग?" त्याने विचारलं, पण त्याला पुढचं अंधुक दिसायला लागलं होतं.

"मग तुम्ही रीळ काढलंत, खोललंत, साफ केलंत. दुसऱ्या दिवशी रॉड पुढे आणून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, 'याचं रीळ अगदीच हलकं होतं, मी काढून ठेवलंय. कोणी लावलं होतं कोण जाणे.'"

पार्टिशनपलीकडे, त्याच्या टेबलावर, सुट्या भागांचे डबे होते. त्यातला एखादा गिअर त्या रिळाचा असेल. कदाचित त्याच्या तीन मेलेल्या रिळांपैकी एक तेच असेल. त्याला ते आठवत नव्हतं. हाताखालून गेलेली रिळं त्याला आठवत असत. हे आठवत नव्हतं, कारण ते नादुरुस्त नव्हतं.

"बोलली का नाहीस?"

"काय बोलू? 'कोणी लावलं होतं कोण जाणे' म्हणालात, त्यावर 'मी' म्हणू?"

"म्हणायचं."

"तुम्हीही मागायचं होतं."

"घरच्या माणसाला मागावं लागतं?"

"घरच्याच माणसाला मागावं लागतं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक दारातून आत येतं तेव्हा कशाला आलंय ते मला कळतं. तुम्ही तर आतच असता."

मेहुणी तेवढ्यात कामावर आली. तिने काउंटरवरचे दोन तुकडे पाहिले, दोघांचे चेहरे पाहिले आणि जन्मात पहिल्यांदाच काही न बोलता गल्ल्यामागे जाऊन बसली.

दुपारी दंतवैद्य आला. नवऱ्याने पार्टिशनच्या पुढे येऊन त्याला सांगितलं, तुमचा रॉड माझ्या हातून मोडला, चूक माझी, नवा देतो. दंतवैद्याने शांतपणे ऐकून घेतलं, तुकड्याच्या टोकाकडे चष्मा वर करून निरखून पाहिलं, जणू कीड कुठवर गेली आहे ते बघत होता.

"हरकत नाही," तो त्या हळू आवाजात म्हणाला. "खरं तर बरंच झालं. मी विचारणारच होतो, अर्धा फूट लांब केला तर कसं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढं काही होतं की नवरा मुकाट्याने मागे गेला. पार्टिशनपलीकडून त्याला ऐकू आलं, "मनगट सैल सोडा बघू." या वेळी त्या आवाजातला कंटाळा त्याला स्वच्छ कळला. आधी कसा कळला नव्हता, याचं त्याला नवल वाटलं.

पुढच्या रविवारी बायकोने दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. ती भिंतीवरचे चार रॉड आणि लूअरची पेटी घेऊन त्याच्याबरोबर बांधावर आली. इतक्या वर्षांत ती त्याच्याबरोबर कधी आली नव्हती, आणि त्याने कधी बोलावलंही नव्हतं.

"फेका," ती म्हणाली.

तो फेकू लागला. ती त्याच्या उजव्या बाजूला, थोडी मागे उभी राहून बघत होती. लूअर कुठे पडतोय ते ती बघत नव्हती. तिची नजर मनगटावर, मग कोपरावर, मग खांद्यावर चढत गेल्याचं त्याला कळत होतं. ही नजर त्याला हवी होती. ती मिळाल्यावर ती एवढी अवघड असेल हे त्याला माहीत नव्हतं. काहीच लपत नव्हतं.

"खांदा दुखतो ना?"

"नाही."

"अहो."

"दुखतो. थोडा."

"घाई करता. मागे नेता न नेता तोच पुढे ढकलता. रॉडला वाकायला वेळच देत नाही. आणि राग आल्यासारखं फेकता. कोणावर असतो एवढा?"

तो दोरा गुंडाळू लागला.

"नऊ फुटी नको तुम्हाला," ती म्हणाली. "आठसुद्धा आता जड जाईल. साडेसात. वीस ग्रॅमच्या वर जायचं नाही."

"साडेसात पोरं वापरतात."

"मनगटं चांगली असलेली मोठी माणसंही वापरतात."

"दंतवैद्याला नऊ दिलास."

"आता साडेनऊ. सांगा, तुम्हाला त्यांचा रॉड हवाय की तुमचा?"

त्याने बराच विचार केला. खोटं बोलावंसं वाटत होतं, पण ती शेजारी उभी होती आणि आज सकाळभर तिचं बघणंच चाललं होतं.

"त्याचा," तो म्हणाला.

ती हसली. इतकी हसली की पेटीचं झाकण तिच्या हातातून आपटलं. मग तिने साडेसातचा रॉड काढला, रीळ चढवलं, बोटावर तोलला, रीळ बदललं, पुन्हा तोलला. ओठ हलत होते. ती काहीतरी पुटपुटत होती आणि त्याने ऐकायचा प्रयत्न केला नाही. लूअर बांधून रॉड तिने त्याच्या हातात दिला आणि त्याचं कोपर धरून अंगाजवळ आणलं.

"मागे न्या. थांबा. आता जाऊ द्या."

लूअर गेला. फार लांब नाही, पण सरळ गेला, आणि खांद्याला काही कळलं नाही.

बांधाच्या पलीकडच्या टोकावरून तो म्हातारा हात हलवत होता. "ताई! आलाच आहात तर माझंही जरा बघता का? टोक सारखं खाली जातंय!"

नवऱ्याचा हात रिळावर थांबला.

बायकोने वळून म्हाताऱ्याकडे पाहिलं. "बघते," ती ओरडून म्हणाली. "पण आधी यांचं होऊ दे!"

"वेळ लागेल का?"

"लागेल!"

ती पुन्हा नवऱ्याच्या उजव्या बाजूला, थोडी मागे, येऊन उभी राहिली. नवऱ्याने दोरा गुंडाळून लूअर टोकापाशी आणला. आता कसं फेकायचं ते त्याला समजलं होतं. अजून दोन-तीन फेकी नीट गेल्या असत्या तर काम आटपलं असतं आणि ती म्हाताऱ्याकडे गेली असती. त्याने कोपर अंगापासून चांगलं लांब नेलं आणि घाईघाईत हिसका दिला. लूअर बांधाच्या पायथ्याशीच जाऊन पडला.

"मुद्दाम केलंत," ती म्हणाली.

"नाही."

"परत फेका," ती म्हणाली, आणि पेटीवर नीट मांडी घालून बसली.